कधी स्टार्ट होते, कधी नाही: जुन्या स्पोर्ट्स कारमधला लपंडाव खेळणारा दोष कसा पकडावा

सहा वेळा पहिल्या सेल्फला स्टार्ट होणारी गाडी सातव्या वेळी ढिम्म राहते, आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी चालू होते. कायमच्या बंद पडलेल्या गाडीपेक्षा अशा गाडीवर जास्त पैसा वाया जातो. बंद गाडीतला दोष जागेवर सापडतो. ही मात्र गॅरेजपर्यंत स्वतःच्या चाकांवर येते आणि तिथे सगळं ठीकठाक दिसतं. मग अंदाजाने आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ, मग पंप, मग ठिणगीचं जास्त व्होल्टेज बनवणारी कॉइल.

नवा पार्ट टाकल्यावर आठ दिवस गाडी नीट चालली, एवढ्यावरून जुना पार्टच खराब होता असं ठरत नाही. पार्ट बदलताना कनेक्टर काढून परत बसवला जातो, पिनेवरचा गंज घासला जातो, आणि तेवढ्यानेही आठ दिवस निघतात. म्हणून सगळ्या कामाचा पाया हा: दोष हजर असताना मोजायचं. गाडी नीट चालू होत असताना घेतलेली मापं बहुतेक वेळा काहीच सांगत नाहीत. पुढचं सगळं त्या पाच-दहा मिनिटांसाठी तयार राहण्याबद्दल आहे.

इथे मुख्यतः १९७० ते १९९० च्या दशकांतल्या पेट्रोल गाड्या धरल्या आहेत: कार्ब्युरेटर आणि पॉइंटवाल्या (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारे यांत्रिक कॉन्टॅक्ट), आणि पहिल्या पिढीच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर. २१ वॅटचा साधा इंडिकेटर बल्ब, दोन वायरी आणि दोन क्लिपा लावून केलेला टेस्ट लॅम्प. १५ अँपिअरच्या फ्यूजसह एक जंपर वायर. स्पार्क टेस्टर, इंधनाच्या दाबाचा गेज, हेअर ड्रायर, गोठवणारा स्प्रे. जवळ अग्निशामक.

मल्टिमीटर असताना बल्ब कशाला? मल्टिमीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच उरली, तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. त्या एका तारेवर तो मंद होतो किंवा पेटतच नाही. पंपासारख्या जास्त भाराच्या सर्किटसाठी ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब आणखी चांगला, तो साडेचार अँपिअर मागतो. मात्र हा बल्ब ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) पिनांना किंवा सेन्सरच्या वायरींना कधीही लावू नका. तिथे मल्टिमीटरच.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अटकाव. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर तपासता तपासता सेल्फच जळेल.

वही आधी, पाना नंतर

गाडी स्टार्ट झाली नाही की दर वेळी हे लिहा: इंजिन गार होतं की गरम, बंद करून किती मिनिटं झाली होती, पाऊस किंवा दमट हवा होती का, चावी फिरवल्यावर काय ऐकू आलं, आरपीएमचा काटा हलला का, पेट्रोलचा वास आला का, आणि शेवटी कशाने चालू झाली.

हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. २० ते ३० मिनिटं थांबल्यावर आपोआप चालू झाली, तर उष्णतेने बंद पडणारा भाग शोधा: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा), इग्निशन मॉड्यूल (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग), कॉइल, रिले (लहान करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच). धक्का मारल्यावर लगेच चालू झाली, तर स्पार्क आणि इंधन दोन्ही ठीक आहेत आणि दोष सेल्फच्या सर्किटमध्ये आहे. चावी चार-पाच वेळा फिरवल्यावर पकडली, तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट किंवा उतरलेला इंधनाचा दाब. गिअरचा दांडा हलवल्यावर किंवा क्लच पुन्हा दाबल्यावर चालली, तर तिथला सेफ्टी स्विच. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यातून आकार दिसू लागतो, आणि आकार दिसला की अर्धं काम झालं.

गरम इंजिनाबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. इंजिन बंद केल्याबरोबर ते गार व्हायला लागत नाही. पाणी फिरायचं थांबतं, हवा लागायची थांबते, आणि ब्लॉकची उष्णता आजूबाजूच्या भागांत शिरते. त्यामुळे बोनेटखालच्या सेन्सरांचं आणि इंधनाच्या नळ्यांचं तापमान बंद केल्यावर पुढची १५-२० मिनिटं चढतच राहतं. "पेट्रोल भरायला थांबलो आणि मग चालूच होईना" या तक्रारीचं मूळ बहुतेक इथेच असतं.

पहिला फाटा: सेल्फ फिरतो की नाही

यावरून पुढचा रस्ता पूर्ण बदलतो. सेल्फ फिरत नसेल तर स्पार्क आणि पंप तपासणं म्हणजे वेळ घालवणं, आणि सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर बॅटरी बदलण्यात काही अर्थ नाही. तिसरी एक शक्यता कानाने ओळखायची. सेल्फ नेहमीपेक्षा भर्रकन, एकसारखा फिरतो, कॉम्प्रेशनचा चढउतार ऐकूच येत नाही, तर तिथेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे. पोर्शे ९४४ सारख्या इंजिनांत बेल्ट गेल्यावर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात; आणखी सेल्फ मारून नुकसान वाढवू नका.

सेल्फ फिरत नाही

गाडीतला छताचा दिवा लावा आणि चावी फिरवा. हेडलाइटवर विसंबू नका, कारण काही जर्मन गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइटचा पुरवठा मुद्दाम तोडलेला असतो.

दिवा एकदम मंदावला किंवा विझला, तर करंट ओढला जातोय पण पुरत नाही: बॅटरी, मोठ्या केबली, अर्थिंग किंवा अडकलेला सेल्फ. दिवा जराही मंदावला नाही, तर सेल्फपर्यंत करंट गेलेलाच नाही: इग्निशन स्विच, सेफ्टी स्विच, इमोबिलायझर, रिले, सोलेनॉइडची (सेल्फवरच्या चुंबकी स्विचची) बारीक वायर, किंवा सेल्फच्या आतले झिजलेले कार्बन ब्रश.

बॅटरीचं माप आधी घ्या. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. उभी असताना १२.६ आणि सेल्फ मारताच ७, तर आतला सेल गेला आहे. माप बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच घ्या, क्लॅम्पवर नको. मग एक टोक खांबावर आणि दुसरं क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारा. इथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सांधाच खराब आहे, बाहेरून तो कितीही चकचकीत दिसो.

याच पद्धतीने केबली तपासायच्या. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात, आणि लपंडाव खेळणाऱ्या दोषासाठी याहून चांगलं साधन नाही. इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर किंवा पंपाचा फ्यूज काढा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टपर्यंत चालेल. मग एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर. इथे ०.२ ते ०.३ च्या वर गेलं तर अर्थिंगचा पट्टा काढा.

केबलीचा रेझिस्टन्स ओहममध्ये मोजण्याचा मोह होतो, पण त्यातून काही निघत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनाचा सेल्फ १०० ते २०० अँपिअर ओढतो. १५० अँपिअरला ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आला तरी दीड व्होल्ट तिथेच जातात. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे हा अडथळा त्याला दिसतच नाही.

अर्थिंगचा पट्टा काढल्यावर लग (टोकाची धातूची कडी) नीट बघा. वरून तो घट्ट असतो, नटही हलत नाही. खालची बाजू उलटली की कडेने हिरवट पूड, मध्ये तपकिरी डाग, आणि धातूचा उजळ ठिपका एखाद्या मुगाएवढा. सगळा करंट त्या मुगाएवढ्या ठिपक्यातून जात असतो. गार असताना पुरतो. गरम झालं, धातू फुगला, इंजिन थोडं हललं, की पुरत नाही. वायरीचं इन्शुलेशन लगपासून सेंटीमीटरभर मागे सोला. आतल्या तारा तांबूस आणि चमकदार असतील तर दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून, घट्ट करून, वरून ग्रीस लावा. तारा काळ्या पडल्या असतील तर केबलच बदला, कारण काळेपणा आत कुठवर गेलाय ते कळत नाही. पोर्शे ९११ मध्ये बॅटरी पुढे आणि इंजिन मागे, एमजीबीत बॅटरी सीटमागे, माझदा एमएक्स-५ मध्ये डिकीत; अशा गाड्यांत केबल लांब आणि सांधे जास्त. ९११ चा गिअरबॉक्स ते बॉडी हा अर्थिंगचा पट्टा तर सगळ्यात आधी बघायची जागा.

आता बारीक वायर. सोलेनॉइडवर जाणाऱ्या या टर्मिनलला युरोपीय गाड्यांत ५० हा आकडा असतो. चावी फिरवून तिथे २१ वॅटचा बल्ब लावा आणि शेजारी मीटरही. बल्ब पेटत नसेल तर मागे जात राहा: क्लच किंवा न्यूट्रल स्विच, मग इग्निशन स्विच. बल्ब पेटतोय पण मीटर बॅटरीपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी दाखवतोय, तर "गरम असताना नुसता टक् आवाज, गार असताना ठीक" या तक्रारीचं उत्तर इथे आहे.

कारण समजून घेण्यासारखं आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्का वाढतो. सोलेनॉइडची गुंडाळी २० अंशांवरून ११० वर गेली की तिचा रेझिस्टन्स जवळपास ३५ टक्के वाढतो, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला करंट सुमारे पाव भागाने घटतो. आणि झिजलेल्या स्विचमुळे व्होल्टेज आधीच कमी. दोन्ही एकत्र आले की चुंबक प्लंजर (आतला दांडा) ओढू शकत नाही. यात सेल्फचा दोष नसतो; म्हणून नवा सेल्फ टाकूनही तक्रार पुढच्या उन्हाळ्यात परत येते.

इलाज: आधी स्विच, कनेक्टर आणि अर्थिंग ठीक करा. मग सेल्फजवळ ४० अँपिअरचा चार पिनी रिले बसवा. ३० नंबर पिनेला सेल्फच्या जाड बोल्टवरून ३० अँपिअर फ्यूजमधून ४ चौरस मिमी वायर, ८७ वरून सोलेनॉइडला तशीच वायर, ८५ ला अर्थिंग, आणि ८६ ला जुनी बारीक वायर. आता स्विचमधून अँपिअरचा छोटासा अंशच जातो आणि सोलेनॉइडला पूर्ण व्होल्टेज मिळतो. मूळ दोष न काढता नुसता रिले लावणं मात्र झाकपाक ठरेल.

टर्मिनल ५० वर भरपूर व्होल्टेज, जाड बोल्टवर भरपूर व्होल्टेज, अर्थिंग ठीक, आणि तरीही सेल्फ गप्प, तर मगच सेल्फ काढा. त्याआधी बॉडीवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकून बघा. ठोकल्यावर फिरला तर ब्रश झिजलेत किंवा कम्युटेटरवर एक पट्टी मेलेली आहे. ठोकून चालवत राहणं हा इलाज नव्हे.

बाहेरून बसवलेला जुना अलार्म असेल तर त्याच्यावर संशय ठेवाच. अशा अलार्मचा रिले नेमका स्टार्टरच्या किंवा पंपाच्या वायरीत घातलेला असतो, आणि जोड चिमट्याने दाबून बसवणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपांचे. त्या क्लिपा तारेला काप देतात. वीस-तीस वर्षांत तो काप गंजतो. अलार्म पूर्ण काढून मूळ वायर डाग देऊन जोडणं हेच खरं.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

पहिली नजर आरपीएमच्या काट्यावर. या काळातल्या बऱ्याच गाड्यांत काटा कॉइलच्या मायनस बाजूवरून चालतो. सेल्फ मारताना तो थोडासा थरथरला, २०० ते ३०० पर्यंत उचलला गेला, तर कॉइलची प्राथमिक बाजू चालू-बंद होतेय, म्हणजे क्रँक सेन्सर आणि मॉड्यूल बहुधा काम करताहेत, इंधनाकडे वळा. काटा मेल्यासारखा शून्यावर, तर आधी कॉइलच्या प्लसवर १२ व्होल्ट आहेत का बघा आणि मग सेन्सरकडे जा. एकही पाना न लावता अर्धी शक्यता बाद होते. प्रत्येक गाडीत काटा असाच वागतो असं नाही. म्हणून गाडी ठीक असताना तो सेल्फवर कसा हलतो ते आजच पाहून ठेवा.

लगेच दुसरं: स्पार्क टेस्टर लावून ठिणगी बघा. प्लगची वायर हवेत मोकळी धरून ठिणगी काढण्याची जुनी सवय इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर करू नका. व्होल्टेज २०-३० हजारांच्या घरात असतं, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ते मॉड्यूल किंवा कॉइल फोडून वाट काढतं. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर आधी तो का येतोय ते शोधा.

ठिणगी आहे, इंधन नाही. पंपाचा आवाज ऐका, पण इथे एक घोटाळा होतो. पुष्कळ गाड्यांत चावी ऑन करताच पंप दोन सेकंद गुणगुणतो. पण पहिल्या पिढीच्या काही गाड्यांत तसं नसतं. पोर्शे ९४४ आणि ९११ कॅरेरा ३.२ यांच्या मोट्रॉनिक या बॉशच्या इंजेक्शन-इग्निशन यंत्रणेत पंप सेल्फ फिरल्यावर, सेन्सरचा सिग्नल आल्यावरच चालतो. १.६ लिटरच्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये हवेच्या मीटरची झडप उघडल्यावर. त्यामुळे नुसती चावी ऑन करून "पंप मेला" असा निकाल देऊ नका. ९४४ मध्ये डीएमई रिले (याच यंत्रणेचा मुख्य रिले) काढून सॉकेटच्या ३० आणि ८७बी या जागा फ्यूजवाल्या जंपरने जोडा, पंप चालला पाहिजे. एमएक्स-५ मध्ये बोनेटखालच्या डायग्नॉस्टिक बॉक्समधली एफ/पी आणि जीएनडी ही टोकं जोडून चावी ऑन करा. जंपरवर पंप चालतो आणि सेल्फवर चालत नाही, तर पंप निर्दोष. दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला.

रिलेचं झाकण काढा. खालच्या पाटीवर पिना जिथे डाग दिलेल्या असतात तिथे भिंग धरा आणि दिवा तिरका पाडा. चांगला डाग डोंगरासारखा चढत पिनेला मिळतो. बिघडलेल्यात पिनेभोवती केसाएवढी काळी रेघ गोल फिरलेली दिसते, जणू पिनेला कुणी पेन्सिलने वळसा घातलाय. तीच ती भेग. रिले गार असताना दोन्ही कडा टेकलेल्या, गरम झाल्यावर सुटलेल्या; गाडीत ऊन शिरलं की बंद, सावलीत ठेवली की चालू. सोल्डरिंग आयर्नने जुना डाग वितळवून शोषून घ्या आणि नवा द्या. कॉन्टॅक्टची टोकं जळून खड्डे पडले असतील तर रिले नवाच घ्या. ९४४ किंवा ९११ ३.२ बाळगणाऱ्याने एक जादा डीएमई रिले गाडीत ठेवावा असा आमचा आग्रह आहे. तो एकच रिले पंप आणि ईसीयू दोन्हींना पुरवठा देतो, त्यामुळे तो गेला की ठिणगी आणि इंधन दोन्ही एकदम जातात.

फ्यूजही हातासरशी. जुन्या युरोपीय गाड्यांतले दोन्ही टोकांना निमुळते सिरॅमिक फ्यूज शाबूत दिसतात, पण टोकं ऑक्साइडने मंद पडलेली असतात. जागच्या जागी फिरवल्यावर पंप चालला तर क्लिपा घासा आणि फ्यूजांचा पूर्ण संच बदला.

ठिणगी नाही आणि काटा मेलेला: क्रँक सेन्सर. दोन वायरींचा, किंवा आवरणासह तीन वायरींचा, सेन्सर म्हणजे चुंबकाभोवतीची गुंडाळी. ती वर्षानुवर्षं फ्लायव्हीलच्या घंटेसारख्या आवरणाजवळ भाजत राहते, एक तार आत तुटते. गार असताना टोकं टेकतात, गरम झाल्यावर दुरावतात. ९४४ मध्ये असे दोन सेन्सर आहेत, एक वेगाचा आणि एक स्थितीचा. दोघांचाही रेझिस्टन्स ६०० ते १६०० ओहमच्या मध्ये हवा, आणि फ्लायव्हीलपासून अंतर ०.८ मिमी. दोघांचे कनेक्टर सारखेच असतात. अदलाबदल झाली तर गाडी मुळीच स्टार्ट होणार नाही. आणि कित्येकदा सेन्सर ठीक पण कनेक्टरचं प्लास्टिक बिस्किटासारखं चुरलेलं असतं. बोटांनी उचलताच तुकडे हातात आले तर सेन्सर आणि गाडीच्या बाजूचा कनेक्टर दोन्ही बदला.

नुसत्या ओहमवर थांबू नका. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारा. चांगला सेन्सर साधारण अर्धा व्होल्ट किंवा जास्त देतो. गार असताना आकडा लिहून ठेवा. दोष हजर असताना तोच आकडा शून्याजवळ आला की चोर सापडला. मग सेन्सरवर गोठवणारा स्प्रे मारा किंवा ओलं फडकं पाच मिनिटं धरा आणि पुन्हा सेल्फ मारा. चालू झाली तर शंका उरत नाही. तीन वायरींचा हॉल सेन्सर मात्र ओहममध्ये मोजायचा नाही, आतली चिप बिघडेल. त्याला पुरवठ्याचं व्होल्टेज मिळतंय का आणि हाताने क्रँक फिरवताना सिग्नल चालू-बंद होतो का, एवढंच बघायचं.

इग्निशन मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर बसवलेलं असेल तर ते उचलून खाली बघा. उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट वाळून पूड झालेली असते. जुनी पुसून पातळ नवा थर द्या. मॉड्यूल अजून मेलेलं नसेल तर वाचतं.

आता गरम गाडीची दुसरी मोठी तक्रार, इंधनाचा दाब. गेज लावा. जुन्या मोट्रॉनिकमध्ये व्हॅक्यूमची नळी काढून दाब साधारण २.५ बार असतो. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकातून घ्या. मग इंजिन बंद करून गेजकडे बघत बसा. दाब हळूहळू उतरणं ठीक, पण पाच मिनिटांत शून्यावर आला तर कुठेतरी परत वाहतोय. दाब गेला की गरम रेलमधलं (इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या नळीतलं) पेट्रोल उकळतं, वाफ होते, आणि इंजेक्टर वाफ फवारतात. कुठून जातोय ते शोधायला परतीची रबरी नळी चिमट्याने दाबा: दाब टिकला तर रेग्युलेटर गळतोय. पंपाकडची दाबल्यावर टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह. दोन्ही दाबूनही उतरला तर इंजेक्टर गळताहेत आणि प्लग ओले असतील. चिमटा मऊ, धडधाकट रबरावरच. कडक झालेली नळी तडकते आणि गरम इंजिनावर पेट्रोल सांडतं. के-जेट्रॉनिक (बॉशचं यांत्रिक इंजेक्शन) असेल तर दाब टिकवण्यासाठी पंपाजवळ एक ॲक्युम्युलेटर असतो. त्यातला पडदा फाटला की अगदी हीच लक्षणं.

उलट दोषही तितकाच खरा. पेट्रोलचा वास, प्लग ओलेचिंब, सेल्फ जोरात, तर गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तपासा. बॉशचा सेन्सर २० अंशांना सुमारे २५०० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० दाखवतो. त्याची वायर सुटली की ईसीयूला वाटतं इंजिन गोठलेलं आहे, आणि तो तापलेल्या इंजिनात भरमसाट पेट्रोल ओततो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर पकडली तर संशय पक्का.

कार्ब्युरेटर आणि पॉइंटवाल्या गाड्या

इथे यादी लहान आहे. सेल्फ फिरत असताना पकडते आणि चावी सोडताच मरते, तर बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा) किंवा इग्निशन स्विचचा चालू बाजूचा कॉन्टॅक्ट. सेल्फच्या वेळी कॉइलला बॅलास्ट टाळून सरळ पुरवठा मिळतो, म्हणून तेवढाच वेळ चालते. पॉइंटचं अंतर ल्यूकस कंपनीच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ०.३५ ते ०.४० मिमी. पॉइंट निळसर जळालेले असतील तर कंडेन्सर बदला. डिस्ट्रिब्युटरच्या आतली लवचिक अर्थिंगची वायर कापडी आवरणाखाली तुटलेली असते आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्स हलला की सुटते. ती बोटाने ताणून बघा. एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप टिकटिक करत नसेल तर ठोकून बघा. ठोकल्यावर सुरू झाला तर त्याचे कॉन्टॅक्ट जळालेत. दमट सकाळीच रुसणारी गाडी असेल तर अंधारात बोनेट उघडून सेल्फ मारा. डिस्ट्रिब्युटर कॅपवर निळी रेघ सरपटताना दिसेल.

दोष येईना, तर साक्षीदार दिवे लावा

महिन्यातून एकदाच रुसणाऱ्या गाडीजवळ मीटर घेऊन कोण बसणार? डॅशबोर्डखाली तीन छोटे १२ व्होल्टचे बल्ब टांगा, प्रत्येकी १ अँपिअरच्या फ्यूजमधून. पहिला सोलेनॉइडच्या टर्मिनल ५० वर, दुसरा कॉइलच्या प्लसवर, तिसरा पंपाच्या पुरवठ्यावर आणि तोही पंपाजवळ, फ्यूजबॉक्समध्ये नव्हे. सगळ्यांची दुसरी बाजू चांगल्या अर्थिंगला. एलईडी वापरू नका. तो कमी व्होल्टेजलाही पेटतो आणि खोटी साक्ष देतो.

आता गाडी रुसली की फक्त दिवे बघायचे. पहिला पेटला आणि सेल्फ गप्प: सोलेनॉइड, सेल्फ किंवा मोठ्या केबली. पहिला विझलेला: स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर. सेल्फ फिरतोय पण दुसरा विझलेला: इग्निशन स्विच किंवा मुख्य रिले. दुसरा पेटलेला, तिसरा विझलेला: आरपीएमचा काटा बघा, हलत असेल तर पंपाचा रिले, मेलेला असेल तर क्रँक सेन्सर. तिन्ही पेटलेले आणि काटा हलतोय, तर गेज आणि स्पार्क टेस्टर काढा. अनोळखी रस्त्यावर, रात्रीसुद्धा, दहा सेकंदांत दिशा ठरते.

दोष मुद्दाम बोलावूनही आणता येतो. इंजिन पूर्ण तापवून बंद करा, बोनेट लावून १५ मिनिटं थांबा, मग स्टार्ट करा. असं चार-पाच वेळा. संशयित रिले किंवा मॉड्यूलला हेअर ड्रायरने तापवा, पण हात लावून धरता येईल एवढंच. हीटगनने चांगला भागही मरतो. इंजिन चालू ठेवून वायरींचे जुडगे एकेक करून हलवा, पट्टे आणि पंखा टाळून. ज्या जागी इंजिन अडखळलं तिथेच थांबा आणि टेप सोडा. चावी ऑन असताना तिला किंचित वरखाली दाबल्यावर दिवे लुकलुकले तर इग्निशन स्विचचा मागचा इलेक्ट्रिकल भाग गेलाय. किल्लीचं कुलूप न बदलता तेवढाच भाग बहुतेक गाड्यांत मिळतो.

दुरुस्तीनंतर ज्या परिस्थितीत दोष येत होता तीच पुन्हा उभी करा: तेवढंच तापलेलं इंजिन, तेवढीच मिनिटं, दहा वेळा. शक्य असेल तर काढलेला जुना पार्ट परत बसवून एकदा दोष येतोय हे बघा. नव्याने चालली आणि जुन्याने परत रुसली, तरच निदान पक्कं धरा. जुन्यानेही चालली तर कनेक्टरच्या पिनांकडे परत जा. साक्षीदार दिवे त्यानंतरही दोन महिने काढू नका.